कोकणात व्हॅनमध्ये राहताना रात्री गाडी कुठं आणि कशी लावायची

व्हॅनमध्ये राहायचं ठरलं की लोक आधी बेड, पंखा, शेगडी यांच्या मागे लागतात, त्यात चूक काही नाही, पण खरा प्रश्न रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला उभा राहतो की आज गाडी कुठं लावायची. हा प्रश्न नीट सुटला तर मारुतीची साधी इको व्हॅनसुद्धा घर वाटते, आणि नाही सुटला तर आठ लाखांचं इंटेरियर करूनही रात्री अडीचला कुणीतरी काचेवर काठी वाजवणार आणि तुम्ही अर्धवट झोपेत गाडी हलवणार.

मोठ्या शहरातली युक्ती सगळ्यांना माहीत असते, हजार गाड्यांत आपली एक, कोण बघतंय. मुंबई, ठाणे, पनवेलला ती चालते, रत्नागिरी-चिपळूणला थोडीफार चालते. पण कोकणातल्या वाडीत अजिबात चालत नाही. वाडीत परकी गाडी शिरली की दहा मिनिटांत शेवटच्या घरापर्यंत खबर पोचलेली असते, तिथं लपायला गेलात की जास्त दिसता. गावात नजरेत न येण्याचा एकच उपाय आहे, आधी कुणालातरी सांगून ठेवणं. शहरात मिसळायचं आणि गावात ओळख द्यायची, एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

गाडी कुठली घ्यायची

माझं स्पष्ट मत, पांढरी इको. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, चांगल्या अवस्थेतली मिळाली तर हरकत नाही पण समुद्राच्या हवेत पत्रा आधीच गेलेला असतो. इको शाळेची मुलं नेते, किराणा नेते, अॅम्ब्युलन्स म्हणून धावते, वडाप म्हणजे सीटप्रमाणे भाडं घेणारी गाडी म्हणून चालते, त्यामुळे ती कुठंही उभी असली तरी कुणी दुसऱ्यांदा वळून बघत नाही. विंगर, ट्रॅव्हलरसारख्या मोठ्या व्हॅनमध्ये उभं राहता येतं, पण किनाऱ्याकडच्या गावांतल्या बोळातून, दोन्ही बाजूला जांभ्याचे गडगे, समोरून एसटी आली की मागे घेताना घाम फुटतो. जोडीने राहणार असाल आणि वर्षभर राहणार असाल तर मोठी घ्या, नाहीतर नको.

सीएनजीची इको स्वस्तात पळते पण टाकी मागची जागा खाते, आणि झोपायला तीच जागा लागते. इको मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, वाळूत मागची चाकं रुतली की ती स्वतःहून बाहेर येत नाही, हे पुढे परत येणारच आहे.

बाहेरून शक्य तितकी साधी ठेवा. छतावर कॅरिअर, शिडी, ताडपत्री, इंग्रजीत प्रवासाचे स्टिकर, यातलं काही नको. नंबरप्लेटचाही फरक पडतो बरं का, एमएच ०८ रत्नागिरीत आणि एमएच ०७ सिंधुदुर्गात घरची गाडी, एमएच १२ किंवा १४ दिसली की पुणेकर पर्यटक आले असं धरून चालतात. त्याने बिघडत काही नाही, फक्त तुमच्याकडे पाहुणे म्हणूनच बघितलं जाणार हे धरून चाला.

कायद्याचं थोडं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी करायची तर आरटीओची परवानगी लागते. म्हणजे सीट कायमची काढणं, छत वाढवणं, झोपायचा ओटा बोल्ट मारून पक्का करणं, हे सगळं विचारून. त्यामुळे सुटा ओटा बनवा जो दोन माणसांनी उचलून बाहेर काढता येतो. आणि काचांना काळी फिल्म लावू नका, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये त्यावर बंदी घातली, आजचा नियम असा की पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. रात्री गाडी उभी केल्यावर आतून लावायचे पडदे वेगळे, त्याला कुणी हरकत घेत नाही.

आतली तयारी, विशेषतः हवा

कोकणात थंडी मारत नाही, दमट हवा मारते. मे महिन्यात रात्री बारालासुद्धा गाडीच्या आत अंग चिकट होतं आणि दोन माणसं झोपली तर सकाळी काचांवरून पाणी ओघळतं. म्हणून हवा एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, हे पहिलं. खिडक्यांना पावसाचे व्हायजर लावून घ्या म्हणजे पाऊस असतानाही काच दोन बोटं खाली ठेवता येते आणि बाहेरून ती उघडी आहे हे कळतही नाही. त्या फटीला मच्छरदाणीचं कापड चुंबकाच्या पट्टीने बसवा. एक छोटा बारा व्होल्टचा पंखा डोक्याकडे हवा आत घेणारा, दुसरा पायाकडे बाहेर फेकणारा.

गादी फोमची नको, काथ्याची घ्या, खालच्या प्लायला भोकं पाडा, नाहीतर महिन्याभरात गादीच्या पोटाला काळी बुरशी येते. प्लाय मरीनच घ्यायचा, आयएस ७१० शिक्का बघून. आठवड्यातून एकदा सगळं उन्हात.

पडद्यांसाठी प्रत्येक खिडकीच्या मापाचा पुठ्ठा किंवा फोमची शीट कापा, बाहेरच्या बाजूला काळं कापड, आतल्या बाजूला काहीही. काळं का, तर रात्री बाहेरून बघताना आत अंधार आहे एवढंच दिसतं. चांदीसारखे चमकणारे सनशेड रात्री टॉर्चच्या उजेडात लगेच ओरडून सांगतात की आत कुणीतरी आहे. ड्रायव्हर सीटच्या मागे एक जाड पडदा आडवा सोडा, म्हणजे पुढची काच झाकावी लागत नाही आणि गाडी रिकामी वाटते.

आता जे सांगतोय ते कृपा करून हलक्यात घेऊ नका. इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं नाही, कधीच नाही. गाडीच्या आत शेगडी, कोळसा, जनरेटर काही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वटकरा इथं रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली, जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला वास नाही, रंग नाही, झोपेतला माणूस उठतच नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो, पंख्याच्या आधी तो घ्या. स्वयंपाक मागचं दार उघडून, गाडीच्या बाहेर, पाच किलोच्या छोट्या सिलिंडरवर, आणि झोपताना रेग्युलेटर काढून ठेवायचा.

जागा दुपारीच बघायची

अंधार पडल्यावर जागा शोधायला निघणं ही सगळ्यात वाईट सवय. अनोळखी गाडी रात्री नऊला गावातून हळूहळू, दिवे टाकत, थांबत थांबत फिरते, यापेक्षा संशयास्पद काय असणार. दुपारी चारच्या आत दोन जागा बघून ठेवा, एक पहिली आणि एक राखीव. जागेवर उतरून चाला, फोनवरचा नकाशा बघून ठरवू नका. जमीन सपाट आहे का, नाक रस्त्याकडे करून गाडी लावता येते का, वर काय आहे, पाणी आलं तर कुठून येईल, सकाळी ही जागा कोणाच्या कामाची आहे.

शेवटचा मुद्दा लोक विसरतात. जेट्टीवर रात्री दहाला शांतता असते पण पहाटेच्या अंधारात बर्फाचे टेम्पो, मासळीचे टेम्पो, क्रेट, आरडाओरडा सुरू होतो, हर्णै किंवा मिरकरवाड्यासारख्या बंदरात तर उभं राहायला जागा नसते. तिथं तुमची गाडी अडचण आहे आणि ती माणसं पोटासाठी धावतायत, त्यांच्या वाटेत झोपायचं नाही.

आणि दिवसाची जागा, जेवणाची जागा, झोपायची जागा या तीन वेगळ्या ठेवा. दिवसभर किनाऱ्याजवळ काम, संध्याकाळी दुसरीकडे जेवण, अंघोळ, दात घासणं सगळं उरकून, आणि झोपायच्या जागी फक्त झोपायला जायचं. गाडी लावली, इंजिन बंद, दिवे बंद, दहा मिनिटांत झोप. खाली उतरून खुर्ची टाकली की तुम्ही पार्किंग करत नाही, मुक्काम करताय, आणि मुक्कामाला लोक वेगळ्या नजरेने बघतात.

शहरात

मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पनवेल इथं सोसायटीच्या गेटसमोर, शाळेसमोर, बँकेच्या एटीएमसमोर नको. वॉचमन रात्रभर जागा असतो आणि त्याचं कामच ते आहे. जिथं आधीच टेम्पो, स्कूल व्हॅन, पाण्याचे टँकर रात्रभर उभे असतात अशी गल्ली शोधा, एमआयडीसीच्या आतले रस्ते, मार्केट यार्डाच्या मागचे, तिथं पांढरी इको विरघळून जाते. एका जागी सलग दोन रात्रींपेक्षा जास्त नाही, मग किमान आठवडाभर तिथं फिरकायचं नाही.

सम-विषम तारखेची पाटी नीट वाचा. आज सम तारीख म्हणून बरोबर लावलेली गाडी रात्री बारा वाजता चुकीच्या बाजूला गेलेली असते आणि सकाळी टोइंगवाला तुम्हाला आतमध्ये घेऊनच उचलायला येतो. झोपायच्या आधी उद्याची तारीख बघून बाजू निवडायची.

रत्नागिरी, चिपळूण, खेड, कुडाळ, सावंतवाडी इथं माझी पहिली पसंती कोकण रेल्वे स्टेशनच्या पैसे देऊन गाडी लावायच्या जागेला. स्टेशनं बहुतेक गावाबाहेर आहेत, सावंतवाडीचं तर मळगावात आहे, लोक गाडी लावून मुंबईला जातात आणि दोन दिवसांनी येतात त्यामुळे रात्रभर उभी असलेली गाडी तिथं नेहमीचीच. उजेड आहे, माणसांची ये-जा आहे, संडास आहे, चहा मिळतो. गाड्यांचा आवाज येतो, कानात बोळे घालायचे. पैसे भरून पावती काचेजवळ दिसेल अशी ठेवा, कुणी विचारायला येतच नाही.

दुसरी जागा म्हणजे हायवेचे मोठे पेट्रोल पंप, जिथं ट्रक रात्री थांबतात. एनएच ६६ वर, म्हणजे मुंबई-गोवा हायवेवर, असे पंप बरेच आहेत. टाकी भरायची, मग मॅनेजरला सरळ विचारायचं, "दादा, रात्रीपुरती बाजूला लावू का, सकाळी सहाला निघतो." नाही कुणी म्हणत नाही सहसा. ट्रकच्या रांगेत शिरू नका, पहाटे ते मागे घेताना छोटी गाडी त्यांना दिसत नाही.

एसटी स्टँडच्या आत खाजगी गाडी लावायची नाही, आणि स्टँडबाहेर वडापवाल्यांच्या नंबरात उभं राहायचं नाही, तो त्यांचा धंदा आहे. रत्नागिरीत मांडवी, भाट्ये या जागा संध्याकाळी बसायला छान, रात्री झोपायला नाही, उशिरापर्यंत मुलं असतात आणि मग पोलिसांची फेरी.

गावात

गावात पहिला प्रश्न येतो तो "कोणाकडे आलात?" सिंधुदुर्गात गेलात तर "खंयसून इलास?", म्हणजे कुठून आलात. विचारणारा चिडलेला नसतो, त्याला तुम्हाला कुठल्यातरी घराला जोडायचं असतं, तसं जोडता आलं की तो निर्धास्त. म्हणून आधीच एखाद्या घराशी, दुकानाशी, देवळाशी जोडून घ्यायचं.

गावात शिरल्यावर किराणा दुकान किंवा चहाच्या टपरीवर थांबा. आधी काहीतरी विकत घ्या, चहा घ्या, बसा पाच मिनिटं. मग सरळ सांगायचं, "काका, आम्ही दोघं नवरा-बायको आहोत, या गाडीतच राहतो, फिरत फिरत वेंगुर्ल्यापर्यंत जायचंय. आजची रात्र गाडी कुठं लावली तर कुणाला अडचण होणार नाही?" लावू का असं विचारू नका, कुठं लावू असं विचारा. पहिल्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं, दुसऱ्याला माणूस जागा सुचवतो, आणि जी जागा त्याने सुचवली तिथं तुम्ही त्याचे पाहुणे होता. रात्री कुणी विचारलं तर "दुकानवाल्या काकांनी सांगितलं इथं लावा" एवढं वाक्य पुरतं. आणि खरं तर विचारायलाही कुणी येत नाही कारण काकांनी तोवर सगळ्यांना सांगितलेलं असतं.

दुकान नसेल तर देवळातले गुरव, नाहीतर पोलीस पाटील. पोलीस पाटलांना नाव आणि गाडीचा नंबर स्वतःहून द्या, त्यांनाही बरं वाटतं. देवळाच्या आवारात लावायची परवानगी मिळाली तर मांस-मच्छी, दारू, सिगरेट काही नाही, चप्पल कुठं काढायची ते विचारून, आणि पहाटे पूजेच्या आधी गाडी बाजूला. सुचवलेली जागा आवडली नाही तरी वाद घालू नका, समुद्र दिसत नाही म्हणून दुसरी जागा मागणं तर अजिबात नाही.

पैसे द्यायचे का? आधी विचारा, बहुतेक घेत नाहीत. मग त्यांच्याच खानावळीत जेवा, कोकमं घ्या, आंबोशी घ्या, घरात वहिनी घावणे करून देत असतील तर सकाळचा नाश्ता तिथं. नागाव, गुहागर, तारकर्ली अशा ठिकाणी घरगुती राहण्याची सोय करणारे पुष्कळ आहेत, त्यांना म्हणायचं की खोली नको, कंपाउंडमध्ये गाडी आणि सकाळी बाथरूम वापरायला द्या, किती घ्याल. आठवड्याच्या मधल्या दिवशी आनंदाने देतात, शनिवारी विचारू नका कारण ती जागा त्यांच्या खोलीच्या गिऱ्हाइकाची असते. एकटी बाई फिरत असेल तर मी हाच पर्याय पहिला सांगेन, मग एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची रिसॉर्ट, मग रेल्वे स्टेशन. गणपतीपुळे, वेळणेश्वर, हरिहरेश्वर, कुणकेश्वर, तारकर्ली इथं एमटीडीसीची ठिकाणं आहेत. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, तेव्हापासून व्हॅनमध्ये राहणं म्हणजे काय हे निदान पर्यटन खात्याच्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही.

मार्च ते मे आंब्याच्या बागेच्या कडेला रात्री गाडी लावू नका. हापूस झाडावर असतो, चोऱ्या होतात, राखणीला माणसं ठेवलेली असतात, बऱ्याच ठिकाणी नेपाळहून आलेली, रात्रभर बॅटऱ्या घेऊन फिरणारी. त्यांच्या जागी उभं राहून विचार करा, रात्री पडदे लावलेली बंद व्हॅन बागेजवळ कशाला आली असेल.

देवबागसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी, मधे चिंचोळी पट्टी आणि एकच अरुंद रस्ता. तिथं रस्त्याकडेला लावलेली एक गाडी अख्ख्या गावाची वाट अडवते. कंपाउंड मिळालं तरच आत जा, नाहीतर मालवणातच थांबा.

वाळू, माड, सडा

गाडी वाळूत घालायची नाही. दरवर्षी कुणाची ना कुणाची रुतते, भरती येते, जेसीबी, ट्रॅक्टर, दोरखंड, सगळं गाव गोळा होतं, आणि अशा चालकांवर पोलिसांनी गुन्हे दाखल केल्याच्या बातम्या येतच असतात. वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, पिल्लं उजेडाच्या दिशेने वळतात, तिथं किनाऱ्याकडे तोंड करून हेडलाइट सोडणं म्हणजे पिल्लांचा जीव घेणं.

खाडीच्या कडेला लावताना भरतीचा हिशोब येऊ द्या. कोळी बांधवांचा जुना हिशोब सोपा आहे, तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चारचे पाऊण तीन, म्हणजे पूर्ण भरती साधारण तीनला, दुपारीही आणि पहाटेही. पौर्णिमेला पंधराचे पाऊण सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायला लागायचं. हा मुंबई-रायगडकडचा अंदाज आहे, दक्षिणेला वेळ थोडी आधी सरकते. अमावस्या-पौर्णिमा आणि पुढचे दोन दिवस उधाण, तेव्हा नेहमी कोरडी दिसणारी जागाही ओली होते. जमिनीवर काटक्या, थर्माकोलचे तुकडे, कवच्या यांची ओळ दिसली की तिथपर्यंत पाणी येतं, गाडी त्या ओळीच्या बरीच वर.

माडाखाली लावायची नाही, सावली कितीही गार असली तरी. नारळ पडला तर पुढची काच गेली, माडाची वाळलेली फांदी, झाप, पडला तरी छत चेपतं. आंब्याखाली लाल मुंगळे आणि चीक. फणसाचं तर सांगायलाच नको मे महिन्यात.

सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळाच्या माळावर, वारा छान असतो, डास कमी, त्यामुळे मोह होतो. पण सड्यावर गाडी रस्ता सोडून आत घालू नका. रत्नागिरी, राजापूर, लांजा भागातल्या सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली प्राचीन चित्रं आहेत, उक्षी, बारसू, कशेळी, देवीहसोळ, ती २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, आणि सगळ्यांभोवती कुंपण नाही. हजारो वर्षं टिकलेली रेघ तुमच्या टायरखाली आहे की नाही हे अंधारात कळत नाही. शिवाय मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरात सड्यावर विजा पडतात, आणि मैलभरात सगळ्यात उंच वस्तू तुमचीच गाडी असते.

रात्री खाली उतरताना बॅटरी आणि बूट, अनवाणी कधीच नाही. फुरसं हा विषारी साप कोकणात पुष्कळ, छोटा असतो, दिसत नाही. लाल विंचू आहेत, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर उपचार शोधले तेच हे. बूट गाडीत ठेवा, झटकून घाला. दोडामार्ग, सावंतवाडीकडच्या जंगलात उन्हाळ्यात माकडताप असतो, गोचिडांमुळे, त्या भागात झाडीत गाडी लावून खाली लोळायचं नाही.

काचेवर टकटक झाली तर

पोलीस येतील हे गृहीत धरा आणि त्यात अपमान वाटून घेऊ नका. १९९३ च्या स्फोटांसाठीची स्फोटकं दिघी आणि शेखाडीला उतरली होती, २६/११ चे हल्लेखोर समुद्रातून आले, ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला एके ४७ असलेली बेवारस बोट सापडली. किनाऱ्यावर रात्री उभ्या बंद व्हॅनकडे सागरी पोलीस बघणार नाहीत तर कोण बघणार.

आतला दिवा लावा, मग काच खाली, मग बोला. पोलिसांना आत काय आहे ते दिसू द्या. आधार, लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी एका पाऊचमध्ये सीटजवळ, डिजिलॉकरवर पण ठेवा. कोण आहोत, कुठून आलो, संध्याकाळी कुणाला विचारून लावली हे तीन वाक्यांत. हलवा म्हणाले तर हलवायची, राखीव जागा दुपारीच बघितलीय ना. म्हणूनच झोपताना ड्रायव्हर सीट रिकामी, चावी नेहमीच्या ठिकाणी, गाडीचं नाक बाहेर. पोलीस नसून दुसरं कुणी असेल तर दार उघडायचं नाही, काच उघडायची नाही, पुढे सरकून गाडी चालू करून निघायचं आणि उजेडात पोचल्यावर ११२ लावायचा.

गाडीत दारू ठेवू नका. गोव्याकडून येताना तर मुळीच नाही, इन्सुलीला उत्पादन शुल्कचा नाका आहे आणि पडद्यांची व्हॅन तिथं हमखास बाजूला घेतात.

पाणी, संडास, अंघोळ, वीज

एका माणसाला दिवसाला साधारण दहा लिटर पाणी पुरतं, त्यात प्यायचं चार. वीस लिटरचे जार सगळीकडे मिळतात. एप्रिल-मेमध्ये कोकणात टँकर येतात, इतका पाऊस पडूनही, त्या दिवसांत गावच्या विहिरीवर कॅन भरायला जायचं नाही, जार विकत घ्या.

संडासाला पेट्रोल पंप, सुलभ, रेल्वे स्टेशन. रात्रीसाठी झाकणाची बादली, जाड पिशवी आणि काथ्याचा किंवा लाकडाचा भुसा, सुताराकडे फुकट मिळतो. पिशवी ओढ्यात, गडग्यापलीकडे टाकायची नाही, शहरात पोचेपर्यंत बाळगायची. किनाऱ्यावर, खडकामागे बसायचं नाही, तिथं सकाळी कालवं काढायला बायका येतात. अंघोळीला गर्दीच्या किनाऱ्यांवर गोड्या पाण्याची सोय पैसे देऊन मिळते.

विजेचा हिशोब, पंखा पंधरा वॅट नऊ तास म्हणजे १३५, लॅपटॉप ४५ वॅट पाच तास म्हणजे २२५, मोबाईल-दिवे ४०, एकूण दिवसाला ४०० वॅटअवर. १०० एएचची लिथियम बॅटरी १२८० देते, म्हणजे तीन दिवस. गाडी चालताना चार्ज करणारा डीसी चार्जर बसवा, छतावरचं सोलर पावसाळी हवेत फार देत नाही आणि गाडी ओळखू येते ते वेगळंच.

खालचा पत्रा दर आठवड्याला गोड्या पाण्याने धुवायचा, अँटीरस्ट कोटिंग सुरुवातीलाच. खारी हवा दरवाज्याच्या खालच्या कडा आधी खाते, तिथं बोट फिरवून बघत जा.

कधी जायचं नाही

जून ते ऑगस्ट गाडीत राहू नका, हे माझं ठाम मत. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्यात गेली आणि त्याच दिवशी महाडजवळ तळीयेवर दरड आली. पावसात घाटाच्या कापलेल्या कड्याखाली, नदीकाठी, पुलाच्या तोंडाशी थांबणं म्हणजे जीवाशी खेळ. सप्टेंबरातही एखादी रात्र अशी येते, तेव्हा गाडी उंचावर लावून लॉजमध्ये झोपा.

गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी घरी आलेले असतात, अंगणात त्यांच्याच गाड्या मावत नाहीत. आंगणेवाडीची जत्रा, कुणकेश्वरची महाशिवरात्र, या दिवसांत त्या बाजूला जायचं तर जत्रेसाठी जा, झोपायच्या जागेची अपेक्षा ठेवू नका.

पहिल्यांदा निघताय तर

नोव्हेंबरचा शेवट किंवा डिसेंबरचा पहिला पंधरवडा, सोमवारी निघायचं. मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून रोरोने, म्हणजे गाडीसकट नेणाऱ्या बोटीने मांडवा, पहिली रात्र नागावला कंपाउंडमध्ये. मग मुरूडवरून आगरदांडा-दिघी जंगल जेट्टी (खाडी ओलांडून गाड्या नेणारी फेरीबोट), हरिहरेश्वर. तिथून बागमांडले-वेशवी, मग केळशी-आंजर्ले बाजूला गावात विचारून. दाभोळ-धोपावे ओलांडून गुहागर, वेळणेश्वर. तवसाळ-जयगड ओलांडून गणपतीपुळे, आणि शेवटची रात्र रत्नागिरी स्टेशनला. फेरीच्या वेळा आदल्या दिवशी जेट्टीवर विचारून घ्या, शेवटची चुकली तर खाडीला वळसा घालून अंधारात घाट चढावा लागतो. गाडी फेरीवर चढवताना सिलिंडर बंद आणि पडदे उघडे. रोज साठ-सत्तर किलोमीटरच्या वर जायचं नाही म्हणजे दुपारी चारच्या आत जागेवर पोचता येतं.